शेवटची गाडी, मुक्कामी

शनिवारी रात्री साडेनऊला आमच्या कोथरूडच्या घरात पंखा बंद होतो, कारण वाऱ्याने टेबलावरचे कागद उडतात. जेवणाची ताटं आवरलेली असतात. मेणकापड पुसून त्यावर फासे, पेन्सिली आणि पाण्याची एक बाटली ठेवलेली असते. चौघं खेळणारे समोर बसतात आणि मी खिडकीकडे पाठ करून. मग मी म्हणते, "शेवटची गाडी लागली आहे."

एवढं म्हटलं की चौघंही खुर्चीत सावरून बसतात. कारण ती गाडी जिथे जाते ते ठिकाण कुठल्याच नकाशात नाही. तो एक नाइटक्लब आहे. फक्त सभासदांसाठी. त्याचं नाव 'मुक्काम'. गेली तीन वर्षं मी तो एकेक वीट लावत उभा करते आहे.

ज्यांनी रोलप्लेइंग गेम कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलाभोवती बसून सगळ्यांनी मिळून रचलेली ही गोष्ट असते. प्रत्येक जण एकेक पात्र होतो आणि आपलं पात्र काय करतं ते सांगतो. जिथे जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. उरलेलं सगळं जग, म्हणजे पाऊस, पहारेकरी, राक्षस, चहावाला, एकटा गेम मास्टर चालवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला तेव्हा त्याच्या पहिल्या छपाईच्या हजारच प्रती होत्या. आज त्याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे नियम वापरून आम्ही पुण्यात एका एसटी गाडीची वाट बघत बसतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

या खेळांत नेहमीची सुरुवात खाणावळीत होते. चार अनोळखी माणसं एका बाकावर बसलेली, कोपऱ्यात कोणी म्हातारा, त्याच्याकडे एक नकाशा. तिथून सगळे तळघरात उतरतात आणि तलवारी निघतात. १९९१ साली 'व्हॅम्पायर: द मॅस्करेड' आला आणि खाणावळीची जागा नाइटक्लबने घेतली. त्या खेळातल्या शिकागो शहरात 'सक्युबस क्लब' नावाची एक जागा आहे. माणसांच्या गर्दीत, मोठ्या आवाजातल्या संगीतात रक्तपिपासू लोक एकमेकांना भेटतात. त्याच खेळात 'एलिझियम' नावाची सोयही आहे. एखादी जागा एलिझियम ठरली की तिथे हिंसा करायची नाही, मग समोर कितीही जुना वैरी असो.

मला क्लब हवा होता तो या एका नियमासाठी. तळघरात वैरी भेटला तर बोलायला वाव नसतो. क्लबात तोच वैरी शेजारच्या टेबलावर बसलेला असतो, त्यानेही काहीतरी मागवलेलं असतं, आणि तुम्हाला त्याच्याशी बोलावं लागतं. आमच्या टेबलावरची सगळ्यात चांगली भांडणं, सगळ्यात चांगल्या सोयरिकी 'मुक्काम'मध्ये झाल्या. हत्यारं दाराशी ठेवली की माणसं जिभेवर येतात आणि जीभ हे फार धारदार हत्यार आहे, हे मी माझ्या खेळणाऱ्यांकडून शिकले.

पहिला प्रयत्न मात्र फसला होता. पाचव्या आवृत्तीत 'मॉर्डेनकाइनेन्स मॅग्निफिसंट मॅन्शन' नावाचा एक सातव्या पातळीचा मंत्र आहे. मंत्र म्हटला की हवेत एक मंद चमकणारं दार उघडतं. आत चोवीस तास टिकणारा वाडा, शंभर माणसांना पुरेल असं नऊ पदार्थांचं जेवण, शंभर पारदर्शक नोकर. ज्याला तुम्ही म्हणाल तोच आत येणार. आयता क्लब. मी दोन शनिवार तो चालवला, आणि दोन्ही वेळा खेळणारे तासाभरात कंटाळले. झुंबरं होती, गालिचे होते, सगळं होतं. पण त्या शंभर नोकरांपैकी एकालाही काही नको होतं. ज्या घरात कोणालाच काही नको असतं तिथे गोष्ट घडत नाही. आणि ते दारही मुकं होतं, येणाऱ्याला काही विचारत नव्हतं.

दाराने काय विचारावं, हा प्रश्न माझ्या डोक्यात का बसला ते सांगायला हवं.

मी चौदा वर्षांची होते. नात्यातल्या एका लग्नाचं रिसेप्शन शहरातल्या एका जुन्या क्लबाच्या हिरवळीवर होतं. माझे वडील एसटीत कंडक्टर. अण्णांनी त्या दिवशी रजा टाकली होती, पांढरा शर्ट इस्त्री केला होता आणि कोल्हापुरी चपलांना आदल्या रात्री तेल लावून ठेवलं होतं. चालताना त्या करकर वाजत होत्या. फाटकावरच्या माणसाने आमच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि नजर अण्णांच्या पायांवर थांबवली. "चप्पल चालत नाही. क्लबाचा नियम आहे." अण्णांनी वाद घातला नाही. ते आईला म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी गाडीपाशी थांबतो." आम्ही आत गेलो. मी आइस्क्रीम खाल्लं. दीड तासाने बाहेर आलो तर ते मोटारसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसले होते. त्यांनी विचारलं, "जेवण बरं होतं का?"

मी आत गेले होते, हे मी कोणाला कधी सांगितलं नाही.

त्यामुळे सभासदांसाठीच असलेल्या दाराचं मला आकर्षणही आहे आणि रागही. जगात अशी दारं वेगवेगळ्या कारणांनी झाली. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, त्या काळात न्यूयॉर्कच्या बावन्नाव्या रस्त्यावर '२१ क्लब'च्या तळघरात एक भिंत होती. तिच्यातल्या बारीक फटीत लोखंडी सळई घातली की ती भिंत दार होऊन उघडायची आणि मागे मद्याचा साठा. आपल्याकडे १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परमिट आणलं, आणि 'परमिट रूम' हा शब्द अजून हायवेवरच्या पाट्यांवर आहे. लहानपणी मला ती एखादी गुप्त खोलीच वाटायची, जिथे जायला सरकारचा कागद लागतो. आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'साठी १९९४ साली रचलेल्या 'प्लेनस्केप' या कल्पित जगात 'सिगिल' नावाचं एक कड्यासारखं वर्तुळाकार शहर आहे, त्यात कुठलीही चौकट, कुठलीही कमान दुसऱ्या जगाचं दार असू शकते. पण प्रत्येक दाराची किल्ली वेगळी. कधी एखादी वस्तू, कधी एखादा शब्द, कधी मनातला नुसता विचार. मी ते वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. विचाराची किल्ली! म्हणजे बूट बघणाऱ्या दाराखेरीज दुसरी दारंही असू शकतात.

मग 'मुक्काम' सुचला.

मुक्कामी गाडी ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. रात्रीची शेवटची एसटी गावात येते, तिथेच थांबते आणि पहाटे शाळा-कॉलेजची पोरं, दुधाचे कॅन घेऊन तालुक्याला परत निघते. माझं बालपण त्या गाडीच्या येण्याजाण्यावर चाललं. माझ्या खेळात ही गाडी कुठल्याही स्टँडवर लागू शकते. पाटीवर गावाचं नाव नसतं, फक्त 'मुक्कामी' एवढंच. गाडीत चढलात की मास्तर येतो. खाकी कपडे, छातीवर पितळी बिल्ला, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा पत्र्याचा ट्रे आणि चिमटा. आपल्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात आणि माझ्या खेळात जग चालवणाऱ्यालाही मास्टर म्हणतात. पहिल्याच रात्री मी त्याचा आवाज काढला आणि माझ्या तोंडून अण्णांचा आवाज आला.

एरवी कंडक्टर विचारतो, "कुठं?" या गाडीत सगळे एकाच ठिकाणी निघालेले, म्हणून हा मास्तर विचारतो, "कुठून?"

त्याचं खरं उत्तर द्यायचं. आपण कुठून आलो, अशी एक जागा, एक आठवण. तेच भाडं. ती आठवण पुसली जात नाही. घडलं होतं एवढं कळतं, पण तिचा वास, तिचा आवाज मास्तरच्या पिशवीत राहतो. मास्तर तिकीट फाडतो, चिमट्याने भोक पाडतो आणि त्याच्याकडे सुट्टे नसतात. एसटीत सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो आणि म्हणतो, उतरताना घ्या. माझा मास्तरही मागे लिहितो. 'बाकी: एक उपकार.' 'बाकी: दोन प्रश्न.' तुम्ही क्लबाचे सभासद झालात म्हणजे क्लबच तुमचं काहीतरी देणं लागतो. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. मी तिकिटं खरोखर कापते, जुन्या वहीच्या पिवळट कागदाची, आणि ऑफिसच्या पंचिंग मशीनने भोक पाडून प्रत्येकाच्या हातात देते.

गाडी थांबते तिथे बाहेरून बघितलं तर फक्त एक पत्र्याचा निवारा, आत सिमेंटचा बाक, भिंतीवर कोणी कोळशाने काढलेला बदाम. निवाऱ्यात शिरलं की क्लब. जमीन म्हणजे तळ्याचं पाणी. कोणी बुडत नाही, पाय ओलेही होत नाहीत. पण पाऊल टाकलं की तरंग उठतो आणि तरंगाचा सूर होतो. वाजवणारे कोणी नाहीत. नाचणाऱ्यांच्या पावलांतूनच गाणं तयार होतं, आणि सगळे थांबले की शांतता. मालकीण सात बहिणी आहेत. आमच्याकडे विहिरीशी, डोहाशी साती आसरा असतात, त्यांची ओटी भरतात. त्यांना मी तिथे नेलं, आणि आदराने नेलं. काउंटरच्या मागे वेताळ आहे. तो पैसे घेत नाही, एक गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं घालतो. उत्तर पटलं तर पेला समोर.

आणि पाण्यावर चालायचं म्हणून आत कोणाच्याच पायात काही नसतं. चपला, बूट, राजाच्या मोजड्या, सगळं निवाऱ्याबाहेर एका रांगेत. हा नियम मी पहिल्याच रात्री सहज बोलून गेले होते. तो कुठून आला हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

अशा जागेत वेळ कसा जातो, यावर खेळाच्या नियमपुस्तकातही एक तक्ता आहे, परीराज्यातून परतलेल्याचे दिवस वर्षं होऊन जातात असा. पण मला भागवतातला ककुद्मी राजा जास्त जवळचा. मुलीला, रेवतीला घेऊन तो ब्रह्मलोकी गेला, हिला वर कोण योग्य ते विचारायला. तिथे गंधर्वांचं गाणं चाललं होतं. मध्येच बोलायचं कसं, म्हणून ते संपेपर्यंत तो थांबला. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली, आणि ज्यांची नावं मनात धरून आला होता त्यांच्या नातवंडांचीही नावं कोणाला आठवेनात. एका गाण्याची ही किंमत. गाण्यावरचं याहून मोठं प्रेम आणि याहून मोठी भीती मी वाचलेली नाही. म्हणून 'मुक्काम'चा नियम असा की एक गाणं पूर्ण ऐकलं की सहा बाजूंचा फासा टाकायचा. आकडा येईल तितके दिवस बाहेर गेलेले. दुसऱ्या गाण्याला दिवसांचे आठवडे होतात, तिसऱ्याला महिने. आमच्यातल्या एकीला एका भुताकडून एक नाव काढून घ्यायचं होतं आणि ते भूत नाचल्याशिवाय बोलत नव्हतं. तिने तीन गाणी दिली. परत आली तर तिच्या पात्राच्या धाकट्या बहिणीचं लग्न होऊन गेलेलं. त्या रात्री ती जाताना दारात थांबून म्हणाली, "नाव मिळालं, पण मला आत्ता माझ्या खऱ्या बहिणीला फोन करावासा वाटतोय." रात्रीचा एक वाजला होता. तिने केला.

'कुठून?' हा प्रश्न सोपा नाही, हे मला ठाऊक होतं. पात्राला विचारलं तरी उत्तर माणूसच देतो. म्हणून टेबलाच्या मध्यावर एक कार्ड असतं, त्यावर फुली. हे मी शोधलेलं नाही, जगभर अनेक टेबलांवर एक्स-कार्ड ठेवतात. कोणालाही नको वाटलं की त्यावर बोट ठेवायचं. तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. ज्या गेम मास्टरला हे कार्ड अनावश्यक वाटतं त्याच्या टेबलावर मी बसणार नाही.

आमच्यात एक आहे, एका लॅबमध्ये रात्रपाळी करणारा. शनिवार तेवढा सुट्टीचा. त्याचं पात्र कुलपं उघडणारा चोर. बोलणं कमी, फासा हळू टाकणार. मास्तरने त्याला विचारलं, "कुठून?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "एका घरातून. खुंटीला वडिलांचा शर्ट असायचा. मी खिशात हात घालायचो नाही. बाहेरूनच बोटांनी नाणी चाचपून मोजायचो. म्हणजे आज वही मागायची का उद्या, ते कळायचं."

त्याचं बोट फुलीच्या कार्डाशेजारी होतं. मी बघत होते. त्याने ते उचललं आणि म्हणाला, "चालू दे." मी तिकीट फाडलं, भोक पाडलं आणि मागे लिहिलं: 'बाकी: एक गाणं.' एक असं गाणं, जे ऐकताना बाहेरचा एक दिवसही खर्च होणार नाही. याहून मोठं काही त्या क्लबाकडे द्यायला नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे होते. शनिवारी काळा चष्मा लावून सोफ्यावर बसले. त्यांना यातलं काही कळत असेल असं मला वाटलं नव्हतं. गाडी निवाऱ्याला लागली, मास्तरने घंटी मारली, सगळे उतरले, आणि सोफ्यावरून प्रश्न आला.

"मास्तर मुक्कामाला झोपतो कुठं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन वर्षांत मी त्याला दारापलीकडे नेलंच नव्हतं. अण्णांनीच सांगितलं. मागच्या लांब सीटवर. कॅशची पिशवी उशाला, तिचा पट्टा मनगटाला गुंडाळून, म्हणजे कोणी ओढली तर जाग येते. थंडीत काचांच्या फटीत वर्तमानपत्र कोंबायचं. गावातलं एखादं घर पिठलं-भाकरी पाठवतं, ते घर कायम लक्षात राहतं. "ड्रायव्हर घोरतो," ते म्हणाले, "पण सोबत असते."

टेबलावर कोणी फासा उचलेना. मग ज्या मुलीने तीन गाणी दिली होती ती म्हणाली, "मास्तरला आत घ्यायचं."

मी म्हटलं, "तो सभासद नाही. आणि दार कोण सांभाळणार?"

"मी बसतो दारावर," लॅबवाला म्हणाला. त्याने माझ्यापुढे हात केला. मी पंचिंग मशीन त्याच्या हातात दिलं. त्याने ते दोनदा दाबून पाहिलं, मास्तरकडे, म्हणजे माझ्याकडे वळला आणि विचारलं, "कुठून?"

मास्तर माझं पात्र. उत्तर मलाच द्यायचं होतं आणि खरं द्यायचं होतं. कार्ड माझ्याही हाताशी होतं. सोफ्याकडे न बघता मी म्हटलं, "एका क्लबाच्या फाटकावरून. चप्पल होती म्हणून आत घेतलं नाही. पोरगी आत गेली. मी दीड तास मोटारसायकलवर बसलो."

टेबलावरच्या कोणाला यातलं काही माहीत नव्हतं. लॅबवाल्याने एक कागद कापला, भोक पाडलं, मागे काहीतरी लिहिलं आणि मला दिलं. 'बाकी: दीड तास.' मग मास्तरने चपला काढून रांगेत ठेवल्या, पिशवी दारावरच्या नव्या माणसाकडे दिली आणि पाण्यावर पाऊल टाकलं. पुढचं मी वर्णन केलं नाही. कोणी कर असंही म्हणालं नाही.

सगळे गेल्यावर मी अंथरूण घालत होते. अण्णांनी चष्मा काढून डबीत ठेवला. त्यांनी फाटकाचा विषय काढला नाही, मीही नाही. ते म्हणाले, "त्याला आत गाणं कुठलं लागलं?"

"अजून ठरवलं नाही."

"जुनं लाव," म्हणाले, आणि भिंतीकडे कूस वळवली.

मार्चमध्ये लॅबवाला नोकरीसाठी मस्कतला गेला. तिथली पाळी अशी की त्याला शनिवारी खेळता येत नाही. त्याचं पात्र अजून दारावर आहे, नवे खेळणारे चढले की मी त्याच्याच संथ आवाजात "कुठून?" विचारते, आणि मास्तर कधी गाडीवर असतो, कधी आत. लॅबवाला आपलं तिकीट इथेच विसरून गेला. अण्णांनी निवृत्त झाल्यावर मला दिलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ते ठेवलं आहे, भोक पाडलेलं, मागे माझ्या अक्षरात 'बाकी: एक गाणं'. परवा त्याचा फोन आला तेव्हा त्याने पहिल्यांदा तेच विचारलं.

"हाय का अजून?"

"आहे. उतरताना घे," मी म्हटलं.